दातांच्या तारांवरचं रबर निर्जंतुक केलं तर त्याची ताकद कमी होते का?

दातांना तार लावलेल्या प्रत्येकाच्या तोंडात दोन प्रकारचं सामान असतं. एक धातूचं, म्हणजे दातावर चिकटवलेले ब्रॅकेट आणि त्यातून जाणारी तार. दुसरं रबराचं, म्हणजे ब्रॅकेटभोवतीच्या रंगीत कड्या, दात ओढणारी साखळी आणि वरच्या-खालच्या जबड्यात अडकवायचे छोटे रबरबँड. धातूची अवजारं निर्जंतुक करायची पद्धत ठरलेली आहे. ती ऑटोक्लेव्हमध्ये जातात, वाफेत तापतात आणि पुन्हा वापरात येतात. रबराच्या बाबतीत मात्र हा सरळ मार्ग अवघड होऊन बसतो. ज्या उष्णतेने जंतू मरतात, त्याच उष्णतेने रबराचा ताणही बिघडू शकतो.

हा प्रश्न फक्त डॉक्टरांचा नाही. रबर निर्जंतुक नसेल तर एका रुग्णाचे जंतू दुसऱ्याच्या तोंडात जाण्याची भीती असते. ते ढिलं पडलं तर दात हलण्याचा वेग कमी होतो आणि आधीच दीड-दोन वर्षं चालणारे उपचार आणखी लांबू शकतात. हा तिढा नेमका काय आहे आणि दंतवैद्यक तो कसा सोडवतं, ते समजून घेऊया.

तोंडातलं हे रबर नेमकं कोणतं?

बोलताना सगळ्यालाच 'रबर' म्हटलं जातं, पण त्यात दोन वेगळे पदार्थ आहेत.

पहिला पदार्थ म्हणजे लॅटेक्स, रबराच्या झाडाच्या चिकापासून तयार होणारं नैसर्गिक रबर. रुग्णाने स्वतः अडकवायचे आणि रोज बदलायचे छोटे गोल रबरबँड बहुतेक वेळा याचेच असतात. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होतं. चार्ल्स गुडइयर या अमेरिकी संशोधकाने १८३९ मध्ये त्यात गंधक मिसळून तापवलं तेव्हा ते टिकाऊ झालं. या प्रक्रियेला व्हल्कनायझेशन म्हणतात. त्याच शतकाच्या अखेरीस, १८९३ च्या सुमारास, हेन्री बेकर या अमेरिकी दंतवैद्याने दोन जबड्यांमध्ये रबर ताणून दात सरकवण्याची पद्धत वापरली. आजचे रुग्ण रात्री झोपताना जे रबर लावतात, त्याचं मूळ तिथपर्यंत जातं.

दुसरा पदार्थ म्हणजे पॉलियुरेथेन. हे कारखान्यात बनणारं कृत्रिम रबर. ब्रॅकेटवर तार धरून ठेवणाऱ्या रंगीत कड्या आणि दातांमधल्या फटी बंद करणारी 'पॉवर चेन' याच्यापासून बनतात. अशा साखळ्या १९६० च्या दशकापासून वापरात आल्या. कड्या साधारण दर भेटीला बदलल्या जातात आणि चेन तीन ते सहा आठवडे तोंडात राहते.

दोन्ही पदार्थ ताणले की पुन्हा मूळ आकाराकडे येतात, पण त्यांची आतली रचना वेगळी आहे. त्यामुळे उष्णता, पाणी आणि रसायनं यांचा त्यांच्यावर होणारा परिणामही वेगळा असतो.

'ताकद' म्हणजे नक्की काय?

रबराची ताकद म्हटलं की ते तुटतं की नाही एवढंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. दात सरकवताना मात्र ताकदीचे किमान चार वेगळे अर्थ असतात.

- तुटण्याचा भार : किती जोर लावल्यावर रबर तुटतं.
- सुरुवातीचा ताण : ठरावीक लांबीपर्यंत ओढल्यावर ते दाताला किती जोराने खेचतं.
- टिकणारा ताण : एक दिवस, एक आठवडा किंवा चार आठवड्यांनंतर त्यातला किती जोर शिल्लक राहतो.
- कायमची वाढ : सोडल्यानंतर ते मूळ लांबीवर येतं की थोडं लांबटच राहतं.

उपचारासाठी यातला तिसरा अर्थ सर्वांत महत्त्वाचा. तोंडातली चेन सहसा तुटण्याच्या जवळपासही ताणलेली नसते. ती न तुटता निमूटपणे ढिली पडते आणि दाताला पुरेसा जोर मिळेनासा होतो. रुग्णाला आरशात चेन जागेवर दिसते, पण तिचं काम थांबलेलं असतं.

हा जोर मोजण्यासाठी प्रयोगशाळेत ताणमापक यंत्र वापरतात. रबराचा तुकडा दोन आकड्यांमध्ये अडकवून ठरावीक वेगाने ओढला जातो आणि यंत्र प्रत्येक क्षणाचा जोर नोंदवतं. टिकाऊपणा तपासायचा असेल तर तुकडे ताणलेल्या अवस्थेत ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या कृत्रिम लाळेत ठेवतात आणि ठरावीक काळाने पुन्हा मोजतात.

रुग्णाच्या पाकिटावरचे आकडेही याच हिशेबाचे असतात. ३.५ औंस म्हणजे साधारण १०० ग्रॅम, ४.५ औंस म्हणजे १२८ ग्रॅम आणि ६ औंस म्हणजे १७० ग्रॅम. रबर आपल्या आतल्या व्यासाच्या तिप्पट ताणलं की एवढा जोर मिळणं अपेक्षित असतं. आकडा छोटा वाटतो, पण दातासाठी तो पुरेसा आहे. दात आणि हाड यांच्यामध्ये साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा मऊ थर असतो. त्यावर हलका पण सलग दाब राहिला की एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं आणि दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. जोर फार कमी पडला तर दात हलत नाही आणि फार वाढला तर मुळाला इजा होऊ शकते. म्हणून रबराचा जोर अंदाजात राहणं गरजेचं असतं.

मुळात निर्जंतुक करायची वेळ का येते?

रबर एका रुग्णासाठी वापरून फेकून दिलं जातं. ते दुसऱ्या रुग्णाला लावत नाहीत. मग प्रश्न कुठे येतो? तो येतो रिळावर.

पॉवर चेन बहुतेक वेळा लांबलचक रिळावर गुंडाळलेली येते. एका रुग्णाला पाच-सहा कड्यांचा तुकडा लागला की तेवढा कापून घेतात आणि बाकीचं रीळ पुढच्या रुग्णांसाठी राहतं. रंगीत कड्याही छोट्या दांड्यांवर ओळीने बसवलेल्या असतात. त्यातल्या आठ वापरल्या आणि बारा उरल्या, असं सहज होतं. लाळ लागलेला हातमोजा किंवा चिमटा रिळाला लागला, तर उरलेल्या रबरावर जंतू बसू शकतात.

हिरड्यांतून थोडंफार रक्त येणं तारांच्या उपचारात नवीन नाही. त्यामुळे लाळेबरोबर रक्ताचा अंशही येऊ शकतो. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो. १९८० च्या दशकात एचआयव्हीची साथ पसरल्यानंतर जगभरच्या दंतचिकित्सालयांनी हातमोजे, मास्क आणि अवजारांचं निर्जंतुकीकरण यांबाबत कडक नियम स्वीकारले. त्या नियमांच्या चौकटीत रबराचं रीळ कुठे बसवायचं, हा प्रश्न तेव्हापासून संशोधकांसमोर आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कारखान्यातून आलेलं रबर दिसायला स्वच्छ असतं. पण पाकिटावर 'स्टराइल' असं लिहिलेलं नसेल, तर ते निर्जंतुक आहे असं धरून चालता येत नाही.

स्वच्छ, जंतुनाशित आणि निर्जंतुक यांत फरक काय?

बोलीभाषेत हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, पण वैद्यकात त्यांच्या पायऱ्या वेगळ्या आहेत.

स्वच्छ करणं म्हणजे घाण आणि लाळ धुऊन काढणं. जंतुनाशन म्हणजे डिसइन्फेक्शन, यात बहुतेक रोगजंतू मरतात पण जिवाणूंचे चिवट बीजाणू वाचू शकतात. निर्जंतुकीकरण म्हणजे स्टरिलायझेशन, यात बीजाणूंसकट सगळेच सूक्ष्मजीव संपवले जातात.

कुठल्या वस्तूला कोणती पायरी लागते, हे अर्ल स्पॉल्डिंग या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाच्या वर्गवारीवरून ठरवलं जातं. शरीराच्या आत, हाडात किंवा रक्तात जाणारी वस्तू निर्जंतुकच हवी. तोंडाच्या आतल्या त्वचेला नुसती टेकणारी वस्तू शक्य असेल तर निर्जंतुक करावी आणि ती उष्णता सोसत नसेल तर निदान उच्च पातळीचं जंतुनाशन करावं. फक्त बाहेरच्या त्वचेला लागणाऱ्या वस्तूला साधी सफाई पुरते.

तारांवरचं रबर या वर्गवारीत मधल्या गटात येतं. जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर, तोंडात ताजी जखम असताना तेच रबर लावायचं असेल, तर मात्र अपेक्षा एक पायरी वर जाते.

ऑटोक्लेव्हमध्ये रबराचं काय होतं?

ऑटोक्लेव्ह हे यंत्र चार्ल्स शाँबेरलाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये बनवलं. तो लुई पाश्चर यांचा सहकारी होता. यंत्राचं तत्त्व घरोघरी ठाऊक आहे, कारण आपला प्रेशर कुकर त्याच तत्त्वावर चालतो. बंद भांड्यात दाब वाढला की पाणी १०० अंशांना न उकळता १२० अंशांच्या आसपास पोहोचतं. दवाखान्यातला ऑटोक्लेव्ह १२१ अंशांना साधारण १५ ते ३० मिनिटं किंवा १३४ अंशांना तीन-चार मिनिटं चालवतात.

रबराला ही वाफ कशी वाटत असेल, याचा अंदाज कुकरच्या रिंगवरून येतो. नवी रिंग घट्ट बसते. काही महिन्यांनी ती सैल किंवा कडक होते, बाजूने वाफ जायला लागते, शिट्टी होत नाही आणि शेवटी रिंग बदलावी लागते. कुकरची रिंग जाड असते आणि उष्णता सोसण्यासाठीच बनवलेली असते. तारांवरची कडी त्या मानाने अगदी बारीक असते आणि तोंडाच्या तापमानासाठी बनवलेली असते.

पॉलियुरेथेनच्या आत दोन प्रकारचे भाग असतात. मऊ भाग ताणले जातात आणि कठीण भाग गाठींसारखे काम करून साखळ्यांना एकत्र धरून ठेवतात. तापमान वाढलं की या गाठी सैल होतात. त्या अवस्थेत रबर वाकलेलं, दबलेलं किंवा रिळावर ताणलेलं असेल, तर थंड झाल्यावर ते त्याच आकारात बसू शकतं. वाफेतलं पाणीही आपलं काम करतं. पॉलियुरेथेनमधले काही रासायनिक बंध पाण्याने हळूहळू तुटतात आणि उष्णतेत ही क्रिया वेगाने होते. बंध तुटले की साखळ्या आखूड होतात आणि जोर धरून ठेवण्याची क्षमता कमी होते.

लॅटेक्सची अडचण वेगळी आहे. त्याच्या साखळ्यांमध्ये असे बंध असतात ज्यांच्यावर ऑक्सिजन आणि ओझोन सहज हल्ला करतात. उष्णता ही झीज वाढवते. शिवाय गंधकाने बांधलेली रचना पुन्हा तापवली की काही गाठी सुटतात आणि काही नव्या बसतात. त्यामुळे रबर कधी मऊ पडतं, कधी कडक होतं. जुना रबरबँड कपाटात पडून राहिला की चिकट होतो किंवा ताणताच तडकतो. उष्णतेत याच म्हातारपणाचा वेग वाढतो.

म्हणून एकदा वाफवलेलं रबर लगेच निकामी होतं, असं मात्र नाही. पदार्थ कोणता, तापमान किती आणि वेळ किती, यावर नुकसान अवलंबून असतं. पण एकच रीळ पुन्हा पुन्हा ऑटोक्लेव्हमध्ये गेलं, तर प्रत्येक वेळी थोडी झीज साचत जाते. आणि रीळ वापरताना नेमकं हेच घडू शकतं.

वाफेला पर्याय आहेत का?

पर्याय बरेच आहेत, पण प्रत्येकात काही ना काही अडचण आहे.

कोरडी उष्णता : यात १६० अंशांना दोन तास किंवा १७० अंशांना एक तास लागतो. धातूला हे चालतं, पण रबरासाठी हा पर्याय बादच.

रासायनिक द्रावण : उष्णता टाळण्यासाठी २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडसारखी द्रावणं वापरली जातात. उच्च पातळीच्या जंतुनाशनासाठी साधारण २० ते ४५ मिनिटं पुरतात. बीजाणूही मारायचे असतील तर सुमारे १० तास बुडवून ठेवावं लागतं. रबर द्रावण शोषून घेऊ शकतं. ग्लुटाराल्डिहाइड त्वचेला आणि श्वसनमार्गाला त्रास देतं, त्यामुळे नंतर भरपूर पाण्याने धुणं आवश्यक असतं.

अल्कोहोल : ७० टक्के अल्कोहोलने पुसणं सोपं आणि झटपट होतं. पण ते बीजाणू मारत नाही आणि रबर त्यात बराच वेळ ठेवलं तर फुगू शकतं.

अतिनील किरणं : किरण जिथे पडतात तिथलेच जंतू मरतात. कड्यांच्या आतल्या बाजूला आणि रिळाच्या खालच्या थरांत सावली राहते. सतत अतिनील किरण लागले तर रबर पिवळं पडतं आणि लवकर जुनं होतं.

इथिलीन ऑक्साइड वायू : कमी तापमानाला काम होतं, म्हणून रबर आणि प्लास्टिकसाठी हा चांगला पर्याय मानला जातो. पण हा वायू विषारी आणि ज्वलनशील आहे. वस्तूत उरलेला वायू निघून जाण्यासाठी ती बराच वेळ हवेशीर ठेवावी लागते. ही सोय मोठी रुग्णालयं आणि कारखान्यांत असते, गल्लीतल्या दवाखान्यात नसते.

गॅमा किरणं : वैद्यकीय वस्तू पाकिटात बंद करूनच किरणांखाली नेतात. उष्णता नाही, पाणी नाही, पाकीट उघडायची गरज नाही. मात्र किरणांमुळेही रबरातल्या काही साखळ्या तुटतात आणि काही नव्याने जोडल्या जातात. ते सगळं हिशेबात धरून किरणांची मात्रा ठरवावी लागते, म्हणून हे काम कारखान्याच्या पातळीवरच होतं.

अभ्यास काय सांगतात?

२ टक्के ग्लुटाराल्डिहाइडचा पॉवर चेनवर काय परिणाम होतो, हे तपासणारा एक अभ्यास 'अँगल ऑर्थोडॉन्टिस्ट' या अमेरिकी नियतकालिकात १९९१ मध्ये आला होता. त्याच नियतकालिकात २००७ मध्ये ब्रॅकेटवरच्या कड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जंतुनाशक द्रावणात जास्त वेळ राहिलेल्या कड्या तुटायला कमी भार पुरतो, असं त्यात दिसलं. थोडक्यात, उष्णता टाळली म्हणजे रबर सुरक्षित राहिलं असं नाही. बुडवून ठेवण्याचा वेळही मोजावा लागतो.

या विषयावरचे सगळे निष्कर्ष एका सुरात नाहीत. त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. एकाच प्रकारची चेन वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या पद्धतीने बनवतात. काही साच्यात ओततात, काही पातळ पट्टीतून ठोकून काढतात. रंग देण्यासाठी घातलेली द्रव्यंही गुणधर्म बदलू शकतात. कुणी तुटण्याचा भार मोजतं, कुणी चार आठवड्यांनंतरचा ताण. म्हणून 'निर्जंतुकीकरणाने ताकद घटते' किंवा 'घटत नाही' असं एका वाक्यातलं उत्तर कुणी दिलं, तर त्याला लगेच विचारायला हवं : कोणतं रबर, कोणती पद्धत, किती वेळ आणि कोणती ताकद?

तोंडातच जास्त झीज होते, ती कशी?

निर्जंतुकीकरणाचा परिणाम किती मोठा, हे ठरवण्यासाठी तो कशाशी तरी ताडून पाहावा लागतो. इथे तुलना तोंडाशीच करावी लागते.

ताणून ठेवलेलं रबर आपला जोर स्वतःहून गमावतं. आतल्या साखळ्या हळूहळू एकमेकींवरून सरकतात आणि ताण निवळतो. मोज्यांचं किंवा पायजम्याचं इलास्टिक वापरून सैल होतं, तसंच. तोंडात लाळ असते, गरम चहा असतो, थंड ताक असतं, लिंबाचं आम्ल असतं, चावणं असतं आणि जंतूही असतात. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात त्या काळच्या कृत्रिम चेनने पहिल्या २४ तासांत सुमारे ७४ टक्के, तर लॅटेक्स रबराने सुमारे ४२ टक्के जोर गमावल्याचं दिसलं. त्यानंतर चेनचा दर्जा सुधारला. तरीही पहिल्याच दिवशी निम्मा किंवा त्याहून जास्त जोर जाणं आजही नेहमीचं आहे. त्यानंतर घट मंदावते आणि उरलेल्या जोरावर पुढचे काही आठवडे काम चालतं.

ऑर्थोडॉन्टिस्टना ही घट ठाऊक असते. म्हणून ते चेन लावताना सुरुवातीचा जोर मुद्दाम थोडा जास्त ठेवतात.

हिशेब समजावा म्हणून कल्पित आकडे घेऊया. चेन लावताना ३०० ग्रॅम जोर आहे आणि एका दिवसात निम्मा जातो, म्हणजे १५० ग्रॅम उरतो. आता समजा, आधीच्या निर्जंतुकीकरणात १० टक्के जोर गेला होता. मग सुरुवात २७० ग्रॅमने होईल आणि दुसऱ्या दिवशी १३५ ग्रॅम उरेल. फरक १५ ग्रॅमचा. तोंडाने केलेल्या नुकसानीपुढे तो लहान आहे आणि चांगला डॉक्टर तो सांभाळून घेऊ शकतो. पण तेच रीळ चार-पाच वेळा वाफवलं असेल, तर नेमका किती जोर कमी झाला हे कुणालाच सांगता येणार नाही. खरी अडचण तिथे आहे. कमी जोराचा अंदाज असेल तर उपाय करता येतो, पण जोर किती आहे हेच कळत नसेल तर उपचारांचं गणित चुकतं.

मग चांगल्या दवाखान्यात काय करतात?

'निर्जंतुक करावं की ताकद जपावी' या पेचावरचं सर्वांत साधं उत्तर म्हणजे रबर दूषितच होऊ न देणं. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही, शिस्त लागते.

- रुग्ण खुर्चीत बसण्याआधीच अंदाजाने चेनचा तुकडा कापून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवतात. रीळ खुर्चीपासून लांब, बंद डब्यात राहतं.
- उपचार सुरू असताना आणखी तुकडा लागला, तर मदतनीस स्वच्छ हाताने किंवा निर्जंतुक चिमट्याने तो काढून देतो. तोंडात गेलेला हातमोजा रिळाला लागत नाही.
- रंगीत कड्यांच्या छोट्या दांड्या एका रुग्णासाठी एक अशा वापरतात आणि उरलेल्या कड्या टाकून देतात.
- जिथे गरज आहे तिथे कारखान्यातूनच निर्जंतुक होऊन आलेली, एकेका रुग्णासाठीची पाकिटं घेतात.
- रबर ऊन, उष्णता आणि हवेपासून दूर ठेवतात आणि पाकिटावरची मुदत पाळतात.

उरलेल्या कड्या टाकून देण्यात पैसे जातात, हे खरं. पण तारांच्या एकूण खर्चात कड्यांच्या एका दांडीची किंमत फारच थोडी असते. ती वाचवण्यासाठी संसर्गाचा धोका घेणं किंवा रबर पुन्हा पुन्हा वाफवून उपचार लांबवणं परवडणारं नाही. एखाद्या वेळी रिळाला चुकून लाळ लागलीच, तर तो भाग कापून फेकून देणं हे तो शिजवून पुन्हा वापरण्यापेक्षा सोपं आणि खात्रीचं असतं.

रुग्ण किंवा पालक म्हणून हे विचारण्यात काहीच गैर नाही. 'डॉक्टर, ही चेन नव्या पाकिटातली आहे का?' किंवा 'रीळ कुठे ठेवता?' असा प्रश्न शांतपणे विचारता येतो. नीट काळजी घेणाऱ्या डॉक्टरला अशा प्रश्नाचा राग येण्याचं कारण नसतं.

घरी रबर उकळावं का?

नाही. रुग्णाला घरी दिलेले रबरबँड त्याच्या एकट्याच्याच तोंडात जाणार असतात. स्वच्छ धुतलेल्या हातांनी पाकिटातून काढून लावले तरी पुरतं. उकळत्या पाण्याने बीजाणू मरतीलच असं नाही, रबर मात्र ढिलं पडू शकतं. ते अँटिसेप्टिकमध्ये भिजवून ठेवणं, सॅनिटायझरने पुसणं किंवा 'स्वच्छतेसाठी' उन्हात वाळवणं, यातही फायद्यापेक्षा नुकसान जास्त.

डॉक्टरांनी रोज बदलायला सांगितलेलं रबर रोजच बदलावं. धुऊन पुन्हा लावण्याने बचत होत नाही, कारण एका दिवसात त्याचा बराच जोर गेलेला असतो. एकाऐवजी दोन रबरं लावून 'दात लवकर सरकवण्याचा' प्रयत्नही करू नये. दुप्पट जोराने दात दुप्पट वेगाने सरकत नाही, उलट मुळाला इजा होऊ शकते. जमिनीवर पडलेलं रबर सरळ टाकून द्यावं. लॅटेक्सची ॲलर्जी असेल, ओठ किंवा हिरड्या खाजत किंवा सुजत असतील, तर डॉक्टरांना लगेच सांगावं. लॅटेक्स नसलेली रबरं मिळतात.

सोशल मीडियावर फिरणारा एक 'हॅक' मात्र थेट धोकादायक आहे. पुढच्या दोन दातांमधली फट बंद करण्यासाठी साधं रबर दातांभोवती गुंडाळायचं, असे व्हिडिओ वरचेवर दिसतात. दाताचं मूळ टोकाकडे निमुळतं होत जातं. त्यामुळे रबर हळूहळू सरकत हिरडीच्या आत शिरतं आणि बाहेरून दिसेनासं होतं. तिथे ते दाताला धरून ठेवणारं हाड खात जातं. यात निरोगी दात कायमचे गमावल्याची उदाहरणं आहेत आणि अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेने याबाबत लोकांना सावध केलं आहे. असं रबर कितीही निर्जंतुक असलं तरी हा धोका कमी होत नाही, कारण इथे दुखापत जंतूंमुळे होत नाही, रबराच्या सततच्या ताणामुळे होते.

थोडक्यात सांगायचं तर

निर्जंतुकीकरणाचा रबराच्या ताकदीवर परिणाम होऊ शकतो. कोरड्या उष्णतेत तो सर्वांत जास्त, वाफेत त्याहून कमी आणि द्रावणांत वेळेनुसार कमी-अधिक असतो. एका वेळचं नुकसान बहुधा सांभाळून घेता येतं, पुन्हा पुन्हा होणारं साचत जातं. तोंडात पहिल्याच दिवशी होणारी घट या सगळ्यापेक्षा मोठी असते, म्हणून रबर वेळेवर बदलणं हे कोणत्याही निर्जंतुकीकरणाइतकंच महत्त्वाचं आहे. धातूचा चिमटा शंभर वेळा वाफेत घालून वापरता येतो. रबर एका रुग्णासाठी एकदाच वापरायचं, आणि ते वापरेपर्यंत दुसऱ्या कुणाची लाळ लागू द्यायची नाही.